पंप सुरू झाला की संगणक बंद: साताऱ्यातल्या एका घराचं प्रकरण

तक्रार फोनवर एका दमात सांगितली गेली. संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो, इंटरनेट अधूनमधून जातं, माऊस अडकत अडकत चालतो आणि स्क्रीन मधेच काळी होऊन परत येते. घरच्यांच्या मते हा सगळा एकच आजार होता आणि तो संगणकाच्या आत होता. त्याच समजुतीने एका दुकानात रॅम बदलून झाली होती, विंडोज नव्याने टाकून झालं होतं. दुकानात ठेवला होता तेव्हा मात्र संगणक सलग चालला. घरी आणून लावला आणि दुसऱ्याच सकाळी बंद पडला.

माझ्या दृष्टीने या हकिगतीतली सगळ्यात मोलाची माहिती हीच होती. यंत्र तेच, विंडोज तेच, फक्त भिंतीतलं सॉकेट वेगळं. तरी संशय पुन्हा यंत्रावरच गेला, आणि असं बहुतेक घरांत होतं. संगणक महाग असतो, डोळ्यांसमोर असतो. भिंतीतली वायर वर्षानुवर्षं कुणी पाहिलेली नसते.

घर साताऱ्यातलं, बैठं, जुन्या बांधकामाचं. स्वयंपाकघर मागाहून वाढवलेलं. या घरातल्या ताई घरी बसून छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं काम करतात, त्यामुळे महिन्याची २० तारीख जवळ आली की संगणक बंद पडणं म्हणजे दुसऱ्याच्या दंडाची जबाबदारी अंगावर येणं. संगणक मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. भिंतीच्या पलीकडे फ्रिज, मिक्सर आणि मायक्रोवेव्ह. नगरपालिकेचं पाणी सकाळी येतं, ते खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढवायला अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप. पूर्वी एक यूपीएस होता. त्याची बॅटरी संपल्यावर तो बाजूला काढून संगणक सरळ एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेला.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी ताईंना एक वही घालायला सांगितली. काही बिघडलं की वेळ लिहायची, काय झालं ते लिहायचं आणि त्या क्षणी घरात काय सुरू होतं ते लिहायचं. तिसरा रकाना महत्त्वाचा, कारण आपल्या लक्षात बिघाड राहतो, पण त्याच सेकंदाला स्वयंपाकघरात कुणी काय सुरू केलं हे राहत नाही. ताईंचे सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी हे काम मनावर घेतलं. पंपाचं बटण त्यांच्याच हातात असतं.

वेळ लिहून ठेवण्याने काय साधतं याचं एक गाजलेलं उदाहरण वेल्समधल्या ॲबरहोसन या खेड्याचं आहे. तिथे सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. कंपनीने केबलसुद्धा बदलून पाहिली, फरक पडला नाही. शेवटी ओपनरीच या कंपनीचे अभियंते स्पेक्ट्रम ॲनालायझर (विद्युत लहरी कुठे, किती जोराच्या आहेत ते दाखवणारं यंत्र) घेऊन सकाळी गावात फिरले, आणि सातच्या ठोक्याला एका घरातून विद्युत गोंगाटाचा मोठा झोत उठताना सापडला. त्या घरातला जुना टीव्ही रोज त्या वेळी सुरू व्हायचा. २०२० मध्ये ही बातमी जगभर गेली. तिथेही दुरुस्तीचा धागा महागड्या यंत्राआधी 'सकाळी सात' या दोन शब्दांत होता.

आमच्या वहीतून पहिल्यांदा दिसलं ते हे की चारही लक्षणं एकत्र कधीच येत नव्हती. संगणक बंद पडायचा तो सकाळी, पाण्याच्या वेळेला. स्क्रीन काळी व्हायची ती चटणी-वाटणाच्या वेळेला. नेट आणि माऊस यांची तक्रार दुपारच्या जेवणाच्या सुमाराची. म्हणजे एका आजाराची चार लक्षणं नव्हती, निदान तीन वेगळ्या गोष्टी होत्या. घरातली उपकरणं संगणकाला त्रास देतात ते वेगवेगळ्या वाटांनी. कधी वायरीतलं व्होल्टेजच खाली ओढलं जातं, कधी व्होल्टेज ठीक असतं पण त्यावर वेगवान गोंगाट चढून येतो, आणि कधी त्रास वायरीला न शिवता हवेतून येतो. वाट कळली की उपाय बहुधा सोपा असतो. वाट न कळता केलेला उपाय पैसे घेतो आणि त्रास तिथेच ठेवतो.

सकाळच्या बंद पडण्यापासून सुरुवात केली, कारण तेच सगळ्यात गंभीर वाटत होतं. वहीवर विसंबायची गरजही नव्हती. विंडोज स्वतःची नोंद ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर', क्रमांक ४१ अशी नोंद दिसली तर तिचा अर्थ इतकाच की संगणक नीट बंद न होता अचानक थांबला आणि पुन्हा चालू झाला. व्हायरस, रॅम की वीज हे ती नोंद सांगत नाही, पण वेळ सांगते. त्या वेळा अण्णांच्या पंपाच्या वेळांशी जुळल्या. उलट तपासणीही झाली: पंप सुरू होऊनही संगणक तग धरून राहिला असे दिवस होते, पण पंप बंद असताना संगणक पडल्याची एकही नोंद नव्हती.

मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र. मीटरपेटीजवळ काहीच सुरू नसताना २२६ व्होल्ट, संगणकाच्या सॉकेटला २२४. इथपर्यंत सारं ठीक. पंप चालू असताना मीटरपेटीजवळ २२३, पण सॉकेटला २१५. हा आकडा वरवर चांगलाच वाटतो, २१५ व्होल्टवर कुठलाही संगणक चालतो. पण पाहायचा तो फरक. बाहेरून येणारी वीज तीन व्होल्टने उतरली होती आणि सॉकेट नऊने. जास्तीचे सहा व्होल्ट घराच्या आत कुठेतरी खर्च होत होते. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना साधारण चार ॲम्पिअर घेतो. चार ॲम्पिअरला सहा व्होल्ट म्हणजे वाटेत दीड ओहमचा अडथळा. चांगल्या तांब्याच्या वायरीत एवढ्याशा घरात इतका अडथळा असायचं कारण नाही.

आणि मोटर सुरू होण्याचा क्षण वेगळाच असतो. थांबलेली मोटर फिरायला लागताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट खेचते. इथे तो वीस ॲम्पिअरच्या आसपास धरला तर त्या दीड ओहमवर तीस व्होल्ट पडणार, बाहेरच्या लाइनवर आणखी पंधराएक. मीटरच्या 'मिनिमम' नोंदीत १८० च्या जवळचा आकडा दिसला तो याच हिशेबाने.

संगणकाचा पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला चालेल अशी करून देणारा भाग, असे धक्के सोसायला बनवलेला असतो. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडी ऊर्जा साठलेली असते, आणि वीज क्षणभर गेली तरी पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तो संगणकाला धरून ठेवेल अशी अपेक्षा असते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे हा आधार एका आवर्तनापेक्षाही कमी. कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे साध्या, स्वस्त सप्लायमध्ये २२४ ऐवजी १८० व्होल्ट आले की साठा एक तृतीयांशाहून जास्त घटतो. इथला सप्लाय स्वस्तातला आणि जुना होता, उघडल्यावर कपॅसिटरची टोपी किंचित फुगलेली दिसली. पंपाचा धक्का आणि हा थकलेला कपॅसिटर, दोन्ही मिळून संगणक पडत होता. फ्रिजचा कॉम्प्रेसर तुलनेने कमी खेचतो, म्हणून तो सुरू होताना फक्त दिवा किंचित मंद व्हायचा.

इथे एक निर्णय घ्यायचा होता आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. ताईंच्या ओळखीतल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता: नवा यूपीएस घ्या. त्याने संगणक बंद पडायचा थांबला असता, यात शंका नाही. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस १८० व्होल्ट सहज सावरून घेतो. पण भिंतीतला दीड ओहम तिथेच राहिला असता. चार ॲम्पिअर दीड ओहममधून वाहतात तेव्हा एका जोडावर २४ वॉट उष्णता तयार होते, पंप चालू असेपर्यंत सतत. सोल्डरिंग आयर्न जवळपास एवढ्याच वॉटचं असतं. त्याच वाटेवर कुणी गीझर किंवा इस्त्री लावली असती तर करंट दुप्पट-चौपट आणि उष्णता त्याच्या वर्गाने. संगणक बंद पडणं हा त्या घरात मिळणारा एकमेव इशारा होता. यूपीएसने तो बंद झाला असता.

तपासणीची रीत साधी होती, पण पेट्या उघडायचं काम मी केलं नाही. ते परवाना असलेल्या वायरमनचं काम आहे आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय तेही करत नाहीत. आलेले वायरमन वयाने मोठे, जुनी घरं पाहिलेले. मी आकडे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "स्वयंपाकघर मागनं वाढवलंय ना? मग जोड तिथंच असणार." मधल्या खोलीच्या दारावरचा जंक्शन बॉक्स उघडला. आत जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि वाढीव कामाची तांब्याची वायर एकमेकींना पीळ देऊन जोडलेली, वर काळी इन्सुलेशन टेप. टेप तपकिरी पडून कडक झालेली, बॉक्सचं प्लास्टिक एका बाजूने पिवळं. जोड न्यूट्रलचा होता. पंप, स्वयंपाकघर आणि मधली खोली यांची परतीची वाट त्या एका पिळातून जात होती.

ॲल्युमिनियम आणि तांबं असे सरळ पिळून जोडू नयेत यामागे ठोस कारण आहे. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज नीट वाहू देत नाही. शिवाय गरम झाल्यावर दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पीळ दर वेळी थोडा सैल होतो. सैल झाला की जास्त तापतो, जास्त तापला की आणखी सैल होतो. अण्णांनी सांगितलं की त्या दाराजवळ कधीकधी जळकट वास यायचा, पण वाटायचं स्वयंपाकघरातून येतोय.

मधल्या खोलीपर्यंतची वायर नवी तांब्याची ओढली, पंपाला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) दिला. नंतर मोजलं तेव्हा पंप चालू असताना सॉकेट आणि मीटरपेटी यांच्यातला फरक व्होल्टभरावर आला. पॉवर सप्लाय बदलला. यूपीएस शेवटी घेतलाच, पण भारनियमनासाठी, आजार झाकायला नाही.

स्क्रीन काळी होण्याची गोष्ट वेगळी. मिक्सरची मोटर पंपासारखी नसते. तिच्यात कार्बन ब्रश असतात आणि ते फिरत्या कम्युटेटरवर घासताना सतत बारीक ठिणग्या उडतात. जुन्या मिक्सरच्या जाळीतून अंधारात त्या निळसर दिसतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे वायरीत आणि आसपासच्या हवेत सोडलेला गोंगाटाचा एक कण. पूर्वी मिक्सर लावला की रेडिओ खरखरायचा, टीव्हीवर पांढरे ठिपके नाचायचे, ते यामुळेच. आता तोच गोंगाट एचडीएमआयच्या केबलमध्ये शिरतो, मॉनिटरची संगणकाशी जुळलेली लय तुटते आणि ती पुन्हा जुळेपर्यंत पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. मॉनिटर बिघडलेला नसतो.

पण शेजारच्या कित्येक घरांत मिक्सर आहेत, मॉनिटर आहेत आणि पडदा काळा होत नाही. इथेच का? संगणकाच्या कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला टेस्टर लावला तर तो पेटला. ताई म्हणाल्या, "हो, अनवाणी असले की झिणझिण्या येतात. कॉम्प्युटरला थोडा करंट असतोच ना?"

असत नाही. असता कामा नये. पॉवर सप्लायच्या तोंडाशी गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून (वीज आणणाऱ्या वायरीपासून) पत्र्यापर्यंत, एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. त्यांनी गोळा केलेला गोंगाट अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायचा असतो. अर्थिंग नसेल तर पत्रा मधल्यामध्ये लटकतो, जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर, ११०-११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा, मिलिॲम्पिअरच्याही आतला, म्हणून फक्त झिणझिण्या. पण गोंगाटाला जायला जमीनच नसल्यामुळे तो पत्र्यावरून एचडीएमआयच्या बाहेरच्या वेष्टणात, तिथून मॉनिटरमध्ये जातो. सॉकेट उघडून पाहिलं तर वरचं मोठं भोक, अर्थचं, रिकामं होतं. पिनेला वायर जोडलेलीच नव्हती. एक्स्टेन्शन बोर्डचा तीन पिनांचा प्लग त्या सॉकेटमध्ये नीट बसत होता, त्यामुळे बाहेरून सगळं बरोबर दिसायचं.

घरात फ्रिज आणि वॉशिंग मशीनलाही तीच परिस्थिती होती. संगणकाच्या झिणझिण्या निरुपद्रवी असतील, पण वॉशिंग मशीनच्या आतली वायर घासून पत्र्याला लागली तर ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला वाचवायला अर्थिंगशिवाय काही नसतं. स्क्रीन काळी होण्याच्या तक्रारीतून हे उघडं पडलं, हे त्या घराचं भाग्य म्हणायला हवं.

एक आडवाटेचा उपाय अनेक ठिकाणी सर्रास केला जातो आणि तो जीवघेणा आहे: सॉकेटच्या आत अर्थच्या पिनेतून वायरचा तुकडा काढून न्यूट्रलला जोडायचा. झिणझिण्या थांबतात, टेस्टर पेटत नाही, गिऱ्हाईक खूश होतं. पण न्यूट्रल कुठे तुटला, आणि या घरातला न्यूट्रलचा जोड कसा होता ते आपण पाहिलं, तर चालू असलेल्या उपकरणातून फेज परत येऊन प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. इथल्या एका सॉकेटमध्ये असा तुकडा सापडला, वायरमनमामांनी तो काही न बोलता कापून टाकला. परसात अर्थिंगचा नवा खड्डा केला, तिथून जाड वायर बोर्डापर्यंत आणि तिथून प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत. मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात आता दोन व्होल्टच्या आत आकडा दिसतो, फेज आणि अर्थमधला आकडा फेज-न्यूट्रलशी जुळतो.

अर्थिंग झाल्यावर स्क्रीन काळी होणं जवळपास थांबलं. मिक्सरचं बटण झटकन बंद केलं तर क्वचित एखादा झटका राहिला होता. लांब, पातळ एचडीएमआय केबल बदलून आखूड आणि जाड वेष्टणाची लावली, दोन्ही टोकांना गोंगाट शोषणारे फेराइटचे मणी असलेली, आणि तोही गेला. झिजलेले कार्बन ब्रश मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडून बदलून घेतले, त्याचा खर्च फारच थोडा.

उरलं दुपारचं प्रकरण. मायक्रोवेव्हवर घरातल्यांचा संशय आधीपासून होता आणि निम्मा खरा ठरला. ओव्हनमधला लहरी तयार करणारा भाग, मॅग्नेट्रॉन, २.४५ गिगाहर्ट्झवर काम करतो, आणि जुना वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माऊस हे सगळे त्याच पट्ट्यात बोलतात. ओव्हनच्या आत शेकडो वॉट असतात, राउटरचा आवाज एका वॉटच्या दहाव्या भागाएवढा. दाराच्या फटीतून सुटणारा अंश माणसाला अपाय करण्यापेक्षा फार कमी असतो, पण राउटरला दाबून टाकायला पुरतो. संगणकाला जोडलेला वायफायचा छोटा डोंगल फक्त २.४ वर चालणारा होता आणि ओव्हन भिंतीच्या पलीकडे हातभर अंतरावर.

खात्री करायला पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहणं) पुरलं, पण ते आधी घरातल्या राउटरला करायचं, बाहेरच्या संकेतस्थळाला नाही. राउटरपर्यंतच उत्तर येत नसेल तर दोष घरात आहे, इंटरनेट देणाऱ्याचा नाही. ओव्हन बंद असताना दोन-तीन मिलिसेकंदांत उत्तरं येत होती. दूध तापवायला ठेवलं की काहीशे मिलिसेकंद, मधेमधे उत्तरच नाही. ओव्हन बंद होऊन घंटी वाजली की पुन्हा दोन-तीन. संगणक जागेवरून हलत नाही, मग त्याला वायफाय कशाला? राउटरपासून लॅनची केबल टाकली, घरातले मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर नेले. ती तक्रार संपली.

माऊस मात्र तसाच अडकत राहिला. सगळ्यांनी तो मायक्रोवेव्हच्या खात्यावर टाकला होता, कारण दोन्ही दुपारीच व्हायचं. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. ओव्हन चालू, माऊस नीट. ओव्हन बंद, आणि ताईंनी जेवायला उठण्यापूर्वी बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क लावली की माऊस अडखळायला लागला. डिस्क निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये होती आणि माऊसचा रिसीव्हर तिला खेटून शेजारच्या पोर्टमध्ये. यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिट वाहून नेतं, आणि त्या वेगाचा गोंगाट इतका पसरट असतो की २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यात बुडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं आणि रिसीव्हर पोर्टपासून दूर नेण्याचा उपाय त्यातही होता. आम्ही एक फुटभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन रिसीव्हर टेबलाच्या पुढच्या कडेला आणला. एवढंच. संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि ताईंना रोजच्या कामात सगळ्यात जास्त जाणवलेला.

रॅम आणि विंडोजवर झालेला खर्च परत येणारा नाही. वायरिंगचा खर्च त्यापेक्षा बराच मोठा झाला आणि अण्णांना तो सुरुवातीला जड गेला, जंक्शन बॉक्समधला तो जळका पीळ हातात घेऊन पाहीपर्यंत. मागच्या खोलीतली ॲल्युमिनियमची वायर अजून बदललेली नाही. ते काम दिवाळीनंतर ठरलं आहे, आणि तोपर्यंत त्या खोलीत दिवा-पंखा सोडून काही लावायचं नाही, इस्त्रीसुद्धा नाही, असं वायरमनमामांनी त्या बोर्डावर खडूने लिहून ठेवलं आहे.